युधिष्ठिराचा नेम

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या जालना जिल्ह्यात अजूनही एखाद्या शिवारात माळा दिसतो. चार मेढी, वर एक बाज, आणि बाजेवर उभा राहून गोफण फिरवणारा कुणी पोरगा नाही तर म्हातारा. कपाशी आणि सोयाबीननं ज्वारीची जागा घेतली, तशी गोफणही मागं पडली. पण ज्यांनी ती लहानपणी फिरवली त्यांना तिचा नेम कसा असतो ते ठाऊक आहे. गोफणीतला खडा पाखराला लागावा म्हणून सुटतच नाही. थवा जिथं उतरणार त्याच्या जरा अलीकडे तो पडावा, सुटताना दोरीचा कडाका वाजावा आणि पाखरं उठून शेजाऱ्याच्या रानात जावीत, एवढंच राखण्याला हवं असतं. समोर वाट असेल, कुणी बाई बांधावर गवत कापत असेल, तर तो न बोलता तोंड दुसरीकडे वळवतो. हे शिकवायला कुणी वर्ग भरवत नाही. रानात वाढलेल्याच्या डोळ्याला नेमाबरोबर नेमाच्या पलीकडचंही दिसत राहतं.

मुलांचा तिरकमठा असायचा. बांबूची कामठी वाकवायची, अंबाडीच्या सुतळीनं ताणायची आणि तुराटीचा बाण करायचा. त्या धनुष्यात अपघात घडवण्याएवढा जोर नव्हता, पण रचना मात्र फार जुनी होती. कौटिल्यानं अर्थशास्त्रात धनुष्यांचे प्रकार सांगताना बांबू, ताड, लाकूड आणि शिंग ही साहित्यं नोंदवली आहेत. दोरीसाठी त्यानं दिलेल्या यादीत मोरवेल, ताग, बांबू, स्नायू यांच्या जोडीला रुईदेखील आहे. आमच्या गायरानावर कुणी ढुंकून पाहत नाही ती रुई एके काळी राजाच्या शस्त्रागारात जात होती.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. इंजिनिअरिंग झालं, छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली आणि पहिल्या काही पगारांतून त्यानं क्रॉसबो आणला. त्याच्या खोलीला अंगण नव्हतं, म्हणून तो खोक्यासकट आमच्या घरी आला. "मामा, तुमच्या परसात लावू. मागं भिंत आहे की," म्हणाला. मी खोकं उघडायच्या आधी कागद विचारले. शस्त्राच्या कायद्याबाबत ऐकीव माहितीवर राहू नये, घेण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारावं, असं माझं मत आहे. शिवाय सणासुदीला आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अशा दिवसांत ही वस्तू खांद्याला अडकवून मोटारसायकलवर फिरणं म्हणजे आपण होऊन चौकशीला बोलावणं. भाचा विचारून आला होता. म्हणून मग खोकं उघडलं.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. पुढच्या टोकाला लोखंडी रिकीब असते. ती जमिनीवर टेकवून तिच्यात पाय घालायचा, वाकायचं आणि दोन्ही हातांनी दोरी मागं ओढायची. खटका वाजतो आणि दोरी अडकते. मग पन्हळीत आखूड बाण ठेवायचा, दस्ता खांद्याला लावायचा, दुर्बिणीतून पाहायचं आणि चाप ओढायचा. खरी मेख त्या खटक्यात आहे. साध्या धनुष्यात ताण माणसाच्या पाठीत आणि खांद्यात असतो. ऑलिंपिकचा धनुर्धर ७० मीटरवर नेम धरतो तेव्हा वीसेक किलोचा भार बोटांवर पेलत असतो. दंड थरथरायला लागला की शरीरच सांगतं, सोड किंवा उतरव. क्रॉसबोची दोरी दीडशे पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची असली तरी एकदा अडकली की ती धातूचा तुकडा धरून ठेवतो. आपण निवांत उभे असतो. हाताला काहीच जाणवत नाही.

या सोयीचा इतिहास बराच लांब आहे. चीनमध्ये सम्राट छिन शी हुआंगच्या मातीच्या सैन्याजवळ काशाचे चाप सापडले, त्यांना बावीसशे वर्षं होऊन गेली. आपल्या निकोबार बेटांवरही आडवं धनुष्य वापरात होतं. युरोपात तर या हत्यारानं खळबळ उडवली. ११३९ मध्ये रोमला भरलेल्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेनं ख्रिस्ती माणसांविरुद्ध ते वापरू नये असा ठराव केला. तो फारसा कुणी पाळला नाही, आणि ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड अशाच एका बाणाच्या जखमेनं मेला. धनुष्य हातात बसायला वर्षं लागत, क्रॉसबो काही आठवड्यांत येई. ताकद आणि कसब यांची वर्षानुवर्षांची शिदोरी नसलेला माणूसही आता चिलखत भेदू शकत होता. पुढे युद्धातून ते बाजूला झालं आणि नेमबाजीच्या खेळात उरलं. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९५६ मध्ये जर्मनीतल्या लांड्सहूट गावी स्थापन झाली. १० आणि ३० मीटरवरच्या तिच्या स्पर्धा आजही होतात.

भाच्यानं भिंतीला पाठ लावून अंतर मोजायला सुरुवात केली आणि मी वहीत हिशेब केला. पंचवीस ग्रॅमचा बाण सेकंदाला ९० मीटर वेगानं सुटला, तर त्यात शंभर ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. लेदरचा चेंडू ताशी १०० किलोमीटरनं आला तर ती साठ-बासष्ट ज्यूल भरते. म्हणजे गल्लीतला कुठलाही वेगवान गोलंदाज टाकेल त्याच्या दीडपट आघात, आणि तोही वाटाण्याएवढ्या टोकावर. आमची भिंत छातीएवढी आहे. तिच्या पलीकडे बोळ, बोळात दुपारभर क्रिकेट. डावीकडच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया वाळत असतात आणि त्या राखायला कुणी ना कुणी बसलेलं असतं. उजवीकडे शेजाऱ्यांची प्लॅस्टिकची टाकी. नेम एक वीत चुकला तर बाण विटेवर आपटून कुठेही उसळेल. दोन हात चुकला तर भिंतीवरून बोळात जाईल. आणि चुकून तिरपा वर सुटलाच तर काही शे मीटर जाईल, म्हणजे ज्या घरात आपण कधी गेलो नाही त्या घराच्या अंगणात.

मी म्हणालो, इथं नाही. भाचा हिरमुसला. "आपला नेम चुकणारच असं धरून कसं चालेल?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर द्यायला मला आदिपर्वापर्यंत जावं लागलं.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. झाडावर पोपट, पोपटाचा डोळा, आणि फक्त डोळा पाहणारा अर्जुन. महाभारतात पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे. तोही खरा नव्हे, कारागिरांकडून बनवून घेऊन झाडाच्या शेंड्यावर बसवलेला. अर्जुन म्हणतो ते डोळ्याबद्दल नाही. त्याला पक्ष्याचं डोकं दिसतं, बाकीचं अंग दिसत नाही. पण मला या गोष्टीत नेहमी त्याच्या आधीचा विद्यार्थी अडवतो. पहिला नंबर युधिष्ठिराचा लागतो. काय दिसतं, असं गुरू विचारतात. तो सांगतो, झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. गुरू चिडतात आणि त्याला बाजूला व्हायला सांगतात. मग दुर्योधन, भीम, बाकीचे सगळे तेच उत्तर देतात आणि तेच ऐकून घेतात.

स्पर्धेच्या मैदानावर द्रोणांचं म्हणणं बरोबरच आहे, कारण तिथं युधिष्ठिराचं काम दुसऱ्या कुणी आधी केलेलं असतं. कुणीतरी मैदान आखलेलं असतं, मागं मोकळं रान किंवा उंच बांध ठेवलेला असतो, शिट्टी वाजल्याशिवाय कुणी रेषा ओलांडत नाही. तेवढी तजवीज झाल्यावर धनुर्धरानं जग विसरायला हरकत नसते. घरच्या परसात पंच नसतो. झाड कुठलं, भाऊ कुठं उभे, बोळात कोण आहे, हे पाहणारा माणूस आपणच असतो. तिथं युधिष्ठिराचं उत्तर हे पहिल्या धड्याचं उत्तर आहे. आणि क्रॉसबोनं तर गंमतच केली आहे. ताण धरणं, हात स्थिर ठेवणं, एका बिंदूवर डोळा खिळवणं, ही अर्जुनाची कामं खटक्यानं आणि दुर्बिणीनं बरीचशी आपल्याकडे घेतली. युधिष्ठिराचं काम करणारा भाग मात्र कुठल्याच कारखान्यानं अजून खोक्यात घालून दिलेला नाही.

मग आम्ही दाजींच्या शेतात गेलो. बदनापूर तालुक्यात त्यांची मोसंबीची बाग आहे. जालन्यात पाण्याची काळजी करणारा प्रत्येक शेतकरी कधी ना कधी शेततळ्याचा विचार करतो. कडवंचीसारख्या गावानं तर शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या केल्या. दाजींनीही मोसंबीसाठी एक खोदलं. त्याच्या उकरलेल्या मातीचा भराव दोन पुरुष उंच आणि पायथ्याशी चांगला रुंद आहे. प्लॅस्टिकचा कागद आतल्या अंगाला, म्हणजे बाणाच्या वाटेपासून सुरक्षित. भरावात दगड कमी, मऊ मुरूम जास्त. पलीकडे पाणी आणि त्यापुढे दाजींचीच पडीक जमीन. याहून चांगली पाठ पैसे देऊन मिळाली नसती. म्हणून कुणी विचारलं की क्रॉसबो घ्यायचाय, सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो, आधी मातीचा ढीग शोधा.

लक्ष्य स्वस्तात झालं. दुकानात थरांच्या फोमचे चौकोनी ठोकळे मिळतात आणि जोरदार क्रॉसबोला तेच बरे. आम्ही असा एक ठोकळा मागवला आणि त्याच्या मागं चिंध्या ठासून भरलेली बारदानाची पोती रचली. चिंध्या सैल राहिल्या तर बाण आरपार जातो. पोतं पायानं तुडवून भरावं लागतं, ते काम दाजींच्या सालगड्यानं हसत हसत केलं. ठोकळ्यावर मोठं वर्तुळ चिकटवण्याऐवजी लांब लांब छोटे ठिपके काढले. एकाच ठिपक्यावर सारखे बाण मारले की एक दुसऱ्याच्या बुडावर आदळतो आणि दोन्ही वाया जातात. टोकं साधी, गोल. पात्यांची टोकं शिकारीची असतात, सरावात त्यांचं काम नाही.

अंतर दहा मीटर. नवशिक्याला ते अपमानास्पद वाटतं, पण तिथं जे जमत नाही ते तीस मीटरवर जमत नाही. दोरी ओढताना दोन्ही बाजूंना सारखी ओढ हवी. एक बाजू बोटभर जास्त आली तरी बाण त्या अंगाला झुकतो. म्हणून ओढायला आकडे लावलेली वेगळी दोरी वापरावी, तिनं ओढ समान होते आणि कष्टही निम्मे होतात. खांद्याला लावताना डाव्या हाताचा अंगठा पन्हळीच्या खाली हवा. वर राहिला तर सुटलेली दोरी त्याची गय करत नाही. बाण न ठेवता चाप कधीच ओढायचा नाही. बाणात जायची ती सगळी शक्ती मग धनुष्याच्या आडव्या पात्यांमध्ये परत शिरते आणि पाती फुटू शकतात. ठरल्यापेक्षा हलका बाण वापरला तरी थोड्याफार फरकानं तेच होतं, म्हणून बाणाचं वजन आणि बुडाचा आकार माहितीपुस्तिकेत लिहिलाय तोच घ्यायचा. आणि ताणलेला क्रॉसबो कुणाच्या हाती द्यायचा नाही, झाडाला टेकवून चहाला जायचं नाही. थांबायचं असेल तर एक बाण पोत्यात मारून दोरी मोकळी करायची. हाताला ताण जाणवत नसल्यामुळे तो आहे हे डोक्यानं लक्षात ठेवायचं असतं.

मराठवाड्याच्या उन्हाचीही एक अट आहे. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या क्रॉसबोची पाती आणि दोरी दोन्ही खराब होतात. त्याला घरातली थंड भिंत लागते, दोरीला मधूनमधून मेण लागतं. सराव सकाळी, सूर्य पाठीशी असताना.

पहिल्या सकाळी भाच्याचे तीन बाण एका तळहातात मावतील एवढ्या जागेत बसले, पण ठिपक्याच्या बऱ्याच खाली. तो नाराज झाला. मला मात्र ते आवडलं. तीन बाण एका जागी पडले म्हणजे माणूस नीट उभा आहे, फक्त दुर्बीण सरकवायची आहे. तीन बाण तीन दिशांना गेले असते तर दुर्बिणीला हात लावण्यात अर्थ नव्हता. आधी श्वास, खांदा आणि चाप ओढणारं बोट तपासावं लागलं असतं. ठिपक्यावर लागला की नाही यापेक्षा एकमेकांच्या जवळ लागले की नाही हे पाहायला शिकणं ही या खेळातली पहिली अक्कल. ती आली की माणूस एका चांगल्या बाणानं हुरळत नाही.

बाण काढायला चालत जाणं हा सरावाचाच भाग आहे, हेही तिथंच कळलं. क्रॉसबो खाली ठेवायचा, सगळ्यांनी एकदम निघायचं. एक हात ठोकळ्यावर दाबून दुसऱ्या हातानं बाण मुळाशी धरून सरळ ओढायचा, आपल्या मागं कुणी उभं नाही हे पाहून. मग परत. या येण्याजाण्यात घाई निघून जाते. बाण मारायला लागतो त्याच्या किती तरी पट वेळ चालण्यात जातो, आणि तेवढ्या वेळात मागचा बाण का चुकला ते आपोआप सुचतं.

भाच्याला मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुष्याच्या अंतिम फेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू माइक श्लोसर याच्यासमोर उभा राहिला आणि १४९ विरुद्ध १४८ असा जिंकला. पंधरा बाण, ५० मीटर अंतर, आठ सेंटिमीटरचं मधलं वर्तुळ, आणि त्यात पंधरांपैकी चौदा बाण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहात मारले. कंपाउंड धनुष्यालाही चाकं असतात, दुर्बीण असते, हातात धरायचा चाप असतो. पूर्ण ताणल्यावर त्याचा भारही बराच उतरतो. म्हणजे ते क्रॉसबोच्या बऱ्याच जवळचं आहे. फरक इतकाच की उरलेला ताण शेवटपर्यंत माणूस धरतो. अदिती शेरेवाडीची, शिक्षकाची मुलगी, उसाच्या रानातल्या मैदानावर शिकलेली.  या सगळ्यांना प्रशिक्षक होते आणि आखलेली रेषा होती. भाच्याला खरोखर खेळाडू व्हायचं असेल तर क्रॉसबो बाजूला ठेवून त्याला एखाद्या अकादमीचं दार ठोठवावं लागेल; ऑलिंपिकमध्ये क्रॉसबो नाही. तो म्हणाला, मला खेळाडू नाही व्हायचं, आठवडाभर संगणकापुढं बसून झाल्यावर रविवारी डोकं एका जागी आणायचंय. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असायलाही नको होतं.

शेतात आणखी एक प्रश्न येतोच, आणि तो दुसऱ्याच सकाळी आला. शेजारचे शेतकरी बांधावर येऊन बसले, पोत्यात घुसलेला बाण वाकून पाहिला आणि म्हणाले, "यानं रोही पडंल का हो?" चेष्टा नव्हती ती. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं रात्रीतून हरभरा साफ करतात, हे कुणी शहरात बसून नाकारू नये. तरीही उत्तर नाही असंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यार कशाकशाला म्हणावं याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाणही आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय असं काही करणं गुन्हा आहे. कायदा सोडला तरी बाणाचं एक वास्तव आहे. बंदुकीचा आवाज दहा माणसांना जागं करतो. बाण गुपचूप जातो, आणि चुकीच्या जागी लागला तर जनावर त्याच्यासकट कोसभर पळतं आणि दोन दिवसांनी कुणाच्या तरी विहिरीजवळ मरतं. ते पाहायला मारणारा तिथं नसतो. दाजींनी शेजाऱ्यांना चहा दिला आणि विषय झटक्याच्या कुंपणाकडे नेला.

तेव्हापासून आमचा एक नियम झाला आहे. दोरी अडकली, बाण पन्हळीत बसला, की चापाला बोट लावण्याआधी मारणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, काय काय दिसतं. भाच्याला आधी याची लाज वाटायची. आता तो पाढे म्हटल्यासारखं म्हणतो. परवाच्या सकाळी मी त्याच्या मागं उभा होतो.

"सांग."

"ठोकळा दिसतो. मागं पोती. पोत्यांमागं भराव. डावीकडं मोटारीची पेटी, तिथं कुणी नाही. दाजी झाडाखाली. तुम्ही माझ्या मागं, रेषेच्या अलीकडं." मग तो जरा थांबला. "आणि भरावावर काकांची शेळी चढायली."

"मग?"

"मग थांबायचं." त्यानं खटका बंद केला, टोक जमिनीकडे वळवलं आणि सालगडीकाकांना हाक मारली. शेळीला घाई नव्हती. वाट पाहता पाहता तो हसून म्हणाला, "मामा, द्रोणाचार्यांनी मला बाजूलाच काढलं असतं."

"काढलं असतं," मी म्हणालो. "त्यांचा पक्षी खोटा होता. आपली शेळी गाभण आहे."